तीन जड कवड्या

मुलांनो, तुमच्या पणजोबांच्या कवड्यांची हकिकत वाचून तुम्ही हसलात आणि पुढे काय झालं ते लिही म्हणून कळवलंत. पुढचा भाग लिहायला मी दोन महिने लावले. पहिल्या भागातला वेडेपणा अण्णांचा होता, दुसऱ्यातला माझा आहे.

धाकट्याला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून मागचं थोडक्यात पुन्हा सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या एका हायस्कुलात भूमिती शिकवत. शाळेत ते सिद्ध केल्याशिवाय एक रेघ फळ्यावर ठेवत नसत. घरी मात्र आई गेल्यापासून ते कुठलीच गोष्ट स्वतः ठरवत नसत. देवघरात एका पितळी डबीत पाच कवड्या होत्या, आईच्या सारीपाटातल्या. प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि कवड्या पाटावर टाकायच्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या तर हो, नाहीतर नाही. एकदा टाकल्या की पुन्हा टाकायच्या नाहीत. ज्यानं गोष्ट काढली त्यानंच प्रश्न मांडायचा, हाही नियम होता. माळशिरसला लग्नाला निघालेले अण्णा उलट्या दिशेच्या होटगीच्या फलाटावर डबा खाऊन घरी परत आले, ते याच कवड्यांमुळे.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती. आईला विषमज्वर झाला तेव्हा तिला मिरजेच्या इस्पितळात न्यायचं की घरीच ठेवायचं, हे अण्णांना ठरवायला लागलं होतं. त्यांनी घरी ठेवायचं ठरवलं. ती गेल्यावर त्यांनी ठरवणंच सोडलं. मला हे कुणी समजावून सांगितलं नाही. मी बारा वर्षांची होते आणि घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा सांगण्याची गरजही नव्हती.

दर वर्षी जून महिन्यात अण्णा कवड्यांना विचारत, "मुलीला पुढं शिकवू का?" पहिल्या जूनला चार उताण्या पडल्या. दुसऱ्या जूनला दोन उताण्या, दोन पालथ्या, आणि पाचवी पाटाच्या कडेला गिरकी घेत राहिली. ती उताणी पडेपर्यंत मी श्वास घेतला नाही. मी नीटनेटकी मुलगी होते. माझी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली असत, पेन्सिलींची टोकं एका दिशेला. अशा मुलीचं सगळं आयुष्य एका गिरकीवर टांगलेलं होतं. तिसऱ्या जूनची वाट मला बघवेना.

शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांच्या मागाच्या दोऱ्यांना ताण राहावा म्हणून शिशाचे बारीक तुकडे लटकवलेले असत. तिथल्या म्हाताऱ्या अम्माकडे मी तीन तुकडे मागितले.

"शिसं कशाला गं पिल्ला तुला?"

"शाळेत प्रयोग आहे, अम्मा."

"मुलींना पण प्रयोग असतो काय?" असं म्हणून तिनं चार दिले.

आता ते कवडीत पक्कं बसवायला काहीतरी चिकट हवं होतं. आईची कुंकवाची पेटी अजून फडताळात होती. कुंकू लावण्याआधी कपाळाला टेकवायचं मेण तीत एका लाकडी डबीत होतं. आई त्यात थोडं खोबरेल आणि कापूर घालून ते मऊ करून ठेवी. कुंकवाचं बोट लागून लागून ते वरून लाल झालेलं होतं. मी त्यातलं थोडं घेतलं. तीन कवड्यांच्या पोटात, पाठीच्या बाजूला, शिसं मेणानं बसवून टाकलं. मग त्या कशाही टाका, जड पाठ खाली जाई आणि तोंड वर येई. पाचांत तीन उताण्या म्हणजे हो. माझा जून सुटला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. कवड्यांना जून ओळखता येत नव्हता. त्या सगळ्यांनाच हो म्हणू लागल्या.

पहिली आली ती सांगोल्याकडची एक धनगरीण, शेळी घेऊन. शेळी अंगणात बांधूनच ती बोलायला लागली.

"घ्या की मास्तर, लई गुणाची हाय."

"आम्ही दोन माणसं, बाई. शेळी कशाला?"

"तुमी इचारा की तुमच्या कवड्यास्नी. मी कुटं न्हाय म्हणती?"

अण्णांनी विचारलं. शेळी राहिली. पुढच्या महिन्यात ती दुसरी घेऊन आली. "एकलीला करमत न्हाय हितं. बगा की, कशी वाळलीय." पहिली शेळी चांगली गुटगुटीत होती. तरी दुसरीही राहिली. मग मुख्याध्यापकांनी कवायतीचा वर्ग घ्याल का म्हणून विचारलं, आणि अण्णा काडीसारख्या पायांनी रोज सकाळी मैदानावर मुलांना उजवीकडे वळ, डावीकडे वळ करू लागले. शेळ्यांना पाला मी आणत होते. शाळेतून आल्यावर अण्णांचे पाय चेपणं माझ्याकडेच होतं. त्यांच्या घरात आता माझ्या इच्छेशिवाय पान हलत नव्हतं, आणि जे हलत होतं त्यातलं एकही मला नको होतं.

कवडीतलं शिसं काढून टाकावं असं रोज मनात येई. पण जून दर वर्षी येतच होता. दोन शेळ्या की शाळा, असा तो हिशोब होता, आणि मी पाला आणत राहिले.

त्यानंतर आत्या आली. अण्णांची चुलत बहीण, वयानं मोठी, राहणार मोडनिंब. सुनेशी पटेना म्हणून आठ दिवसांसाठी आली. आठव्या दिवशी म्हणाली, "अरे, विचार की, अजून आठ दिवस राहू का." कवड्या हो म्हणाल्या. पुढच्या आठवड्यातही तेच, आणि असे सहा महिने गेले. आत्या निरक्षर होती पण बेसावध नव्हती. एका सोमवारी तिनं अण्णांना विचारायला लावलं, "उद्या वांगी करू का?" हो. मंगळवारी पुन्हा, बुधवारी पुन्हा. सात दिवस आम्ही वांगी खाल्ली. आठव्या दिवशी तिनं वांगी बंद केली, चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "पोरी, तुझ्या बापाच्या देवाला नकार ठाऊक नाही."

मी भाकरी थापत होते. माझी भाकरी परातीतच फाटली.

"बरंच झालं की," ती म्हणाली. "तुझ्यासाठी एक स्थळ आहे माझ्या डोळ्यापुढं."

तिनं फसवणूक ओळखली नव्हती. तिला तो देवाचा दयाळूपणा वाटत होता, आणि म्हणूनच तिनं कवड्या ताब्यात घेतल्या. इतक्या गुणी कवड्या उघड्या देवघरात ठेवू नयेत, दृष्ट लागते, असं अण्णांना सांगून तिनं त्या आपल्या चंचीत घातल्या. सुपारी, कात, चुना, लवंग यांच्या कप्प्यांतला एक कप्पा त्यांचा झाला. चंची तिच्या कमरेला असे. आंघोळीला गेली तर मोरीतल्या खुंटीला, झोपली तर पोटाखाली. मी तीन आठवडे त्या चंचीभोवती घिरट्या घातल्या. एकदा हात लावला तर डोळे मिटलेल्या आत्यानं विचारलं, "लवंग हवीय का?" मी हो म्हटलं आणि नको असलेली लवंग चघळत बाहेर आले.

त्या वर्षी मी मॅट्रिकला बसले होते. निकाल यायचा होता. सोलापुरात तेव्हा कॉलेज नव्हतं. पुण्याला मामा होता, आणि जूनमध्ये अण्णा कवड्यांना पुण्याचं विचारणार, हे आम्हा दोघांत न बोलता ठरलेलं होतं. पण पाहुणे वैशाखात यायचे होते. वैशाख जूनच्या आधी येतो.

मी अण्णांना एकदाच म्हणाले, "हे स्थळ नाकारू का, असं विचाराल का?"

ते वह्या तपासत होते. "गोष्ट अक्कानं काढली आहे, बाळ. प्रश्न तीच मांडणार. प्रश्न आपल्याला हवा तसा वळवायचा असेल तर कवड्या कशाला टाकायच्या?"

खरं सांगितलं असतं तर त्याच क्षणी सुटले असते. पण मग तीन वर्षांचं माझं शिकणं लबाडीचं ठरलं असतं. शिवाय त्या पाच कवड्यांवर अण्णा उभे होते. त्या खोट्या आहेत हे कळल्यावर ते कशावर उभे राहतील, हे मला कळत नव्हतं. मी स्वतः खणलेल्या खड्ड्यात होते, आणि वर यायला त्यांच्या खांद्यावर पाय द्यायला लागणार होता.

पाहुणे म्हणजे मुलाचे वडील. मुलगा बाहेरगावी नोकरीला, तो आला नाही. हे गृहस्थ होटगीला रेल्वेत उभी हयात काढून पेन्शनीत निघालेले. साडेदहाला येतो म्हणाले होते. साडेदहाला उंबऱ्यात पाय पडला आणि त्यांनी खिशातलं घड्याळ काढून खात्री केली. मी चहा दिला, नमस्कार केला, खाली बसले. त्यांनी कोटातून घडी केलेला मोठा कागद काढला.

"आमच्या घरी सगळं याप्रमाणे चालतं. मुलीनं आधीच पाहिलेलं बरं."

ते घराचं वेळापत्रक होतं, तांबड्या आणि काळ्या शाईत आखलेलं. खोटं कशाला सांगू, पहिल्या नजरेला मला ते आवडलं. रकाने सरळ होते, अक्षर सुरेख होतं. मग मी 'सूनबाई' हा रकाना वाचला. पाच ते सव्वापाच, सडा. सव्वापाच ते पावणेसहा, चूल. दुपारी दोन ते अडीच, विश्रांती, आणि पुढे बारीक अक्षरात 'झोपू नये'. संध्याकाळी सात ते सव्वासात, बोलणे. वाचनाला कुठंच जागा नव्हती. मी दोनदा शोधलं.

"काही विचारायचं असेल तर विचार," ते म्हणाले.

मला एकच गोष्ट दिसत होती, आणि ती बोलल्याशिवाय माझ्यानं राहवलं नाही. "साडेनऊला सूनबाई दोन ठिकाणी आहे. स्वयंपाकघरात आणि पूजेच्या तयारीत."

त्यांनी कागद घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अकरा वर्षं हा कागद भिंतीवर आहे. घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नाही." आत्याकडे वळून ते म्हणाले, "मुलगी पसंत आहे."

आत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, मी मोठीच हुशारी केल्यासारखी.

आता राहिल्या कवड्या. पाहुण्यांना ते विचित्र वाटलं असावं. आत्या म्हणाली, "घरची पद्धत आहे. देवाचा कौल."

"किती मिनिटं लागतात?"

"एक," अण्णा म्हणाले.

"मग चालेल."

आत्या पहाटेपासून चुलीपुढं होती. पाहुण्यांसाठी गव्हाची खीर, भजी, दोन भाज्या. बाहेर वैशाखातलं सोलापूरचं ऊन, भिंतीला पाठ टेकवत नव्हती. तिनं कमरेची चंची सोडली, कवड्या काढून अण्णांच्या हातात दिल्या. त्यांना लागलेला कात तिनं पदरानं पुसला. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मागं स्वयंपाकघर, पुढं पाहुणे, मधे मी.

"विचार," आत्या म्हणाली. "हे स्थळ पत्करू का, म्हणून."

अण्णांनी डोळे मिटले, प्रश्न विचारला, मूठ उघडली. कवड्या टाकताना त्यांच्या तळव्याला चिकटल्यासारख्या झाल्या. एक मागाहून पडली. पाटावर दोन उताण्या होत्या. दोन पालथ्या होत्या. आणि पाचवी उभी होती. कडेवर, ताठ, पाटाला डकवल्यासारखी.

पाहुणे पुढं वाकले.

"याचा अर्थ काय?"

"टाक पुन्हा," आत्या म्हणाली.

"पुन्हा टाकत नाहीत, अक्का."

तेवढ्यात पालथ्या कवडीखालून एक करडा तुकडा घरंगळत पाटाच्या मधोमध आला. मला माझ्या कानांत गिरणीचा भोंगा वाजल्यासारखं झालं. अण्णांनी सावकाश त्यावर तळहात ठेवला.

"काय पडलं ते?" पाहुण्यांनी विचारलं.

"सुपारीचं खांड," अण्णा म्हणाले. "चंचीत होत्या ना."

माझ्या जन्मात मी अण्णांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी हात उचलून तळवा पाहिला. तिथं लालसर मेणाचा ओघळ होता. मग त्यांनी तो नाकाशी नेला, कपाळ पुसावं तसा. खोलीत भज्यांचा वास होता, पण तिथून सुद्धा मला कापूर ओळखू आला, किंवा तसं वाटलं. ते माझ्याकडे बघतील म्हणून मी जमिनीकडे पाहिलं. ते बघत होते की नाही, मला आजही माहीत नाही.

कवडी उभीच होती. अण्णांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ हलत होते. पाच वर्षांत त्यांच्यापुढं असा प्रश्न आला नव्हता, ज्याचं उत्तर पाटावर नव्हतं. मला वाटलं ते उठून जातील.

"नाही म्हणतात," ते म्हणाले.

"कोण नाही म्हणतं?" आत्या ओरडली. "ती तर उभी आहे."

"नाही म्हणतात, अक्का."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. "एक मिनिट म्हणाला होतात. तीन झाली." मग त्यांनी वेळापत्रकाची घडी घातली, खीर मात्र खाल्ली, आणि ठरल्या वेळेला निघाले. जाताना मला म्हणाले, "साडेनऊचं मी दुरुस्त करीन."

दुपारी मी शेळ्यांना पाला घालत होते. अण्णा मागून आले. त्यांच्या हातात तो शिशाचा तुकडा होता.

"मेण तिच्या डबीतलं आहे."

"हो."

"कधीपासून?"

"इंग्रजी पाचवीपासून."

त्यांनी विचार केला. "म्हणजे कवायत..."

"हो."

"शेळ्या?"

"दोन्ही."

"आणि अक्का?"

"आली आपल्या पायानं. राहिली माझ्यामुळं."

मला वाटलं ते रागावतील. शेळीनं त्यांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. "तीन वर्षं मी निवांत होतो," ते म्हणाले. "माझ्या हातून काही बिघडत नाही, असं वाटायचं. ते सगळं तुझ्याकडं आलं होतं तर."

"आज नाही कोण म्हणालं, अण्णा?"

"कवडी उभी होती."

"म्हणजे तुम्ही."

"कुणीतरी म्हणायला हवंच होतं ना," असं म्हणून ते आत गेले.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर मी सुटले. तसं झालं नाही. कवड्या धुऊन, आतलं खरवडून, अण्णांनी पुन्हा पितळी डबीत ठेवल्या आणि डबी देवघरात. निकाल लागला, मी पास झाले. जून आला. अण्णा रोज सकाळी डबी उघडत, बघत, बंद करत. टाकत नव्हते आणि ठरवतही नव्हते. इतके दिवस निदान प्रश्न तरी विचारला जात होता. आता घरात तोही नव्हता. मला विचारता येत नव्हतं, कारण विचारण्याचा हक्क मी तीन शिशाच्या तुकड्यांत घालवला होता. शेजारच्या घरातून मागाचा खटखट आवाज दिवसभर येई, आणि मी त्या आवाजावर दिवस मोजत असे.

एका सकाळी फळीवर मला एक पाकीट दिसलं. मामाचा पत्ता, अण्णांचं अक्षर, बंद केलेलं. ते तिथं तीन दिवस होतं. मी रोज त्याच्यावरची धूळ झटकली, जागेवरून हलवलं नाही. चौथ्या दिवशी ते नव्हतं. अण्णा कवायतीहून येताना टपालपेटीच्या बाजूनं आले होते, ती बाजू त्यांच्या वाटेवर नव्हती. पुढच्या आठवड्यात मामाचं उत्तर आलं, जागा केली आहे, पाठवा. अण्णांनी ते वाचून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "ट्रंकेला कुलूप आहे का बघ." आईची मेणाची डबी त्या ट्रंकेत माझ्या आधी कुणीतरी ठेवलेली होती.

दुपारची गाडी होती. आत्याही निघाली. कवड्यांचं सत्त्व गेल्यावर तिचं सोलापुरात लक्ष लागेना, आणि माझ्याबरोबर कुर्डुवाडीपर्यंत सोबत होत होती. तिथून तिला मोडनिंबची गाडी. गाडीत चढताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "एक सांगते, मनात ठेवू नकोस. ती कवडी माझ्या कातानं चिकटली. तुझं चांगलं स्थळ माझ्या चंचीनं घालवलं. मला रात्रंदिवस तेच खातंय." मी तिला खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ते एक ओझं मी अजून वाहते आहे.

बायकांच्या डब्यात दोन्ही खिडक्यांशी जागा होती. मी दारातून वाकून अण्णांना विचारलं, "कुठल्या बाजूला बसू?"

मी सहज विचारलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मला कळलं की मी काय विचारलं. त्यांचा हात कोटाच्या खिशाकडं गेला, तिथं काही नव्हतं. त्यांनी वर सूर्याकडं पाहिलं, मग इंजिनाकडं, मग पुन्हा सूर्याकडं. भूमितीचा मनुष्य, कोन मोजत होता. शिट्टी झाली. गाडी हलली. ते गाडीबरोबर चालू लागले, मग भरभर, आणि फलाट संपायच्या आधी हात वर करून म्हणाले, "डावीकडं."

मी डावीकडं बसले. ती उन्हाची बाजू होती. त्या दिवशी आभाळात ढग नव्हता, आणि मोहोळच्या पुढं तर ऊन सरळ तोंडावर आलं.

"ये की इकडं सावलीत," आत्या समोरून म्हणाली. "भाजतीयेस कशाला?"

"नको," मी म्हटलं. "अण्णांनी सांगितलंय."

आत्या कुर्डुवाडीला उतरली. मी पुण्यापर्यंत तिथंच बसले.